थर सर

आमच्या स्टाफरूममधला पंखा सात वर्षं पुसला गेला नाही आणि त्याला कारण आमचे फिजिक्सचे सर होते. शिपाईमामा आळशी होते असं कुणी समजू नये. दिवाळीची सुट्टी जवळ आली की मामा शिडी आणायचे, कमरेला फडकं खोचायचे, आणि सर शिडीच्या पायाशी हात पसरून उभे राहायचे.

"मामा, पुसू नका. पुरावा आहे तो."

"कसला पुरावा सर? धूळ हाय ती."

"धूळच. हा पंखा माझ्या टेबलावरचे पेपर उडवतो, मॅडमचं हजेरीपत्रक उडवतो. मग स्वतःच्या पात्यावरची धूळ त्याला का उडवता येत नाही? सांगा."

मामांना काही सांगायचं नसायचं. सरांना मात्र सांगायचंच असायचं. पात्याला अगदी चिकटून जी हवा असते ती पात्याबरोबरच फिरते, त्यामुळे तिथे बसलेल्या धुळीला वारा असा लागतच नाही. जरा वर गेलं की थोडा लागतो, आणखी जरा वर गेलं की पुरता लागतो. हे सगळं घडतं ते कागदाइतक्या पातळ थरात. "सगळी ओढाताण त्या थरात आहे, मामा. बाकीची हवा नुसती लांबून बघत असते." तोवर मामा शिडी खांद्यावर टाकून निघालेले असायचे.

आठव्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती, तेव्हा प्राचार्यांनी स्वतःच हुकूम सोडला. सरांनी त्यांच्या केबिनमध्ये तासभर वाटाघाटी केल्या आणि तीन पात्यांपैकी एक तसंच ठेवायची परवानगी मिळवली. समितीच्या दिवशी पंखा लावला तर तो डुगडुगायला लागला. समितीतले एक वयस्कर गृहस्थ पोहे खायचे सोडून वरच बघत बसले. शेवटी त्यांनी विचारलं, "हे एकच पातं असं काळं का?" प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. सरांनी पंखा बंद करायला लावला, खुर्चीवर चढले आणि वीस मिनिटं बोलले. समितीने अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही. ते गृहस्थ जाताना सरांचा हात बराच वेळ हातात धरून उभे होते आणि प्राचार्य आठवडाभर सरांशी बोलत नव्हते, एवढं मात्र खरं.

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते वाचतील, आणि वाचलं तर लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवतील. भोरमध्ये त्यांना कुणी नावाने ओळखतही नाही. बारावीच्या कुठल्याशा जुन्या तुकडीने त्यांचं नाव 'थर सर' ठेवलं आणि तेच चालू राहिलं. दहीहंडीच्या दिवशी पोरं मुद्दाम विचारायची, "सर, यंदा किती थर?" सर गंभीरपणे म्हणायचे, "एकच. पण तो नीट समजून घ्या."

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. माझं टेबल सरांच्या टेबलाला लागून, म्हणून त्यांच्या संशोधनाची पहिली झळ मला लागायची. पाठ्यपुस्तकात या थराला 'सीमास्तर' म्हटलं आहे, ते सरांना अजिबात पटलं नव्हतं. "हे ऐकलं की पोरांच्या डोळ्यांपुढे बंदूक घेतलेला जवान येतो," असं त्यांचं म्हणणं. मराठीची बाई शेजारी बसते तर तिने काहीतरी बरा शब्द द्यावा, असा त्यांचा लकडा असायचा. मी एकदा 'साय' सुचवला. ते दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नाही चालणार. साय फक्त वर येते. हा कुठेही येतो. तळाला, कडेला, पोटाखाली." आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी पदवीच त्यांना संशयास्पद वाटली असावी.

त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा. मामा सरांना चहा न गाळता द्यायचे, कारण सरांना तो तसाच हवा असायचा. सर कपात चमचा गरगर फिरवायचे, चमचा काढायचे आणि कपात डोकावून बसायचे. चहाची पूड कडेला जायच्या ऐवजी तळाशी बरोब्बर मधोमध गोळा व्हायची. "मॅडम, बघा. पाणी फिरतंय तर पूड बाहेर फेकली जायला हवी की नको? पण तळाशी कप पाण्याला अडवतो. तिथलं पाणी मंद होतं आणि आतल्या बाजूला सरकतं, पूड घेऊन." मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच नवल वाटलं. चौदाव्यांदा बघितलं तेव्हा मी सरांना म्हटलं, "सर, आता प्या तरी."

आणि त्यांची स्कूटर! वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून ते छाती हँडलला टेकवून, कोपर आत घेऊन चालवायचे. वेग मात्र एवढा की दुधाचे कॅन लावलेली सायकल त्यांना मागे टाकून जाई. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. वहिनी एकदा हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांना वारा अडवत नाही हो, मागून येणारी माणसं अडकतात." एसटीने गेले की सर खिडकीतून हात बाहेर काढायचे, आधी तळवा आडवा, मग उभा. कंडक्टर ओरडायचा, "मास्तर, हात आत घ्या, पोरं बघत्यात." एकदा शिवऱ्याच्या फाट्यावर ते मधेच उतरले, कारण पुढच्या टेम्पोची ताडपत्री फडफडत होती आणि तो ड्रायव्हर फुकट डिझेल जाळत होता. ड्रायव्हरला ते पटवून देईपर्यंत एसटी निघून गेली होती. मग त्याच टेम्पोतून ते भोरला आले, घट्ट बांधलेल्या ताडपत्रीसकट.

वर्गात मात्र सर वेगळे असायचे. तिथे त्यांना हसायची कुणाची छाती नव्हती, कारण ते सांगायचे ते दिसायचं. क्रिकेटचा चेंडू घेऊन यायचे. एका बाजूने घासून गुळगुळीत केलेला, दुसऱ्या बाजूने खरबरीत. "चेंडूचं दुखणं पुढे नाही, मागे आहे. हवा चेंडूला चिकटून थोडी मागपर्यंत जाते आणि मग सुटते. सुटली की मागे भोवऱ्यांची पोकळी तयार होते आणि ती चेंडूला मागे ओढते. खरबरीत बाजूला थर घुसळला जातो, त्याला जोर येतो, तो जास्त मागपर्यंत चिकटून राहतो. तिथे पोकळी लहान."

एक पोरगा म्हणाला, "मग सर, होडीपण खरबरीत करायची का?"

"मूर्खा, होडी लांबट असते. तिच्या मागे पाणी हळूच मिटतं, पोकळी होतच नाही. तिचं दुखणं घासण्याचं. तिला गुळगुळीतच ठेवायची."

सर हे सांगत होते आणि वर्गाच्या दारात ऋतुजा उभी होती. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

ऋतुजा धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीतली. सकाळी होडीने अलीकडच्या काठाला यायचं, चढ चढून सडकेवर यायचं आणि भोरची एसटी पकडायची, हा तिचा रोजचा रस्ता. साडेसातच्या पहिल्या तासाला ती आठ-सव्वाआठला पोचायची. सर उशिराच्या बाबतीत कडक होते.

"रोज उशीर? झोप पुरत नाही का?"

"सर, मी पाचला उठते. होडीला येळ लागतो, मग यष्टी चुकती."

वर्ग हसला. सरांनी खडू खाली ठेवला. "कशाला वेळ लागतो म्हणालीस?"

"होडीला. गणपतीपासनं लई हळू चालती."

त्या दिवशी पुढचा तास झालाच नाही. होडी कशाची, पत्र्याची की लाकडाची, किती लांब, किती माणसं बसतात, इंजिन कधी दुरुस्त केलं, सर विचारत गेले आणि ऋतुजा दारातच उभी राहून उत्तरं देत गेली. होडी तिचे आजोबाच चालवत होते. इंजिन चांगलं होतं. पूर्वी अर्ध्या तासात यायची, आता पाऊण तास घ्यायची.

दुपारी स्टाफरूममध्ये मला कळलं की प्रकरण होडीपुरतं नाही. हजेरी कमी भरली म्हणून ऋतुजाच्या वडिलांना कॉलेजकडून पत्र जायचं होतं, की हिचा परीक्षेचा फॉर्म भरला जाणार नाही. वर्गशिक्षक म्हणून त्यावर सरांची सही लागणार होती. वडिलांनी आधीच तिला सांगून ठेवलं होतं की पत्र आलं तर कॉलेज बंद, एवढी यातायात करून वर्ष वायाच जाणार असेल तर घरी काम काय कमी आहे. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

"सही?" क्लार्कने विचारलं.

"थांबा. आधी होडी बघू."

रविवारी सर स्कूटरवर निघाले, वाकून. वहिनी आणि मी एसटीने गेलो आणि त्यांच्या आधी पोचलो. ऋतुजाचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणायचे, काठाला होडी लावून बसले होते. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला टॉवेल. सरांनी नमस्कार केला, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात उतरून होडीच्या पोटाखालून हात फिरवला. हात हिरवागार होऊन वर आला. त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आत मासा सापडला.

"शेवाळ! आबा, ही तर केसाळ झालीय. पाणी हिला घासत नाही, धरून बसतंय."

"मास्तर," आबा शांतपणे म्हणाले, "चाळीस वरसं म्या हितं होडी चालवतोय. शेवाळ काय यंदाच धरलंय व्हय?"

हे वाक्य सरांनी ऐकायला हवं होतं. मीही ऐकायला हवं होतं. पण सर तोवर वहिनींना हिरवा हात दाखवत होते.

पुढच्या रविवारी वाडीतल्या पंधरावीस माणसांनी होडी काठावर ओढून आडवी केली. सर जुना पायजमा घालून आले होते. तारेचे ब्रश, विळे, काथ्या, जे मिळेल ते घेऊन सगळे बसले. मीसुद्धा साडीचा पदर खोचून दोन हात पत्रा घासला. आबा बाजूला बसून बघत होते. मधूनमधून कुणी जोरात घासलं की "पत्रा फाडू नगा" एवढंच म्हणायचे. वहिनींनी पिठलं-भाकरी आणली होती. संध्याकाळी होडीचं पोट नव्या पातेल्यासारखं चकचकत होतं. सरांनी ऋतुजाला तिथल्या तिथे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्पाचं नावही देऊन टाकलं, 'होडीवरील शेवाळ आणि पाण्याचा विरोध'.

सोमवारी सर घड्याळ घेऊन काठावर हजर. आधीच्या आठवड्यात एक्केचाळीस मिनिटं लागली होती, त्या दिवशी एकोणचाळीस लागली. माणसं उतरली, चढ चढायला लागली, आणि वरच्या सडकेवर एसटी त्यांच्या डोळ्यांसमोर निघून गेली. भाजीची पाटी घेतलेल्या एका बाईने ती तिथेच खाली ठेवली आणि सरांकडे बघून म्हणाली, "मास्तर, ऐतवार घालवलासा की आमचा."

त्यानंतर दोन दिवस सरांनी चहा ढवळला नाही. गरम गरम प्यायले. मामा घाबरून माझ्याकडे आले. "मॅडम, सरांस्नी काय झालं? कपात बघत न्हाईत." ड्रॉवरमध्ये ते पत्र होतं आणि क्लार्क रोज आठवण करत होता.

तिसऱ्या दिवशी मी तास संपवून आले तर माझी विणकामाची पिशवी टेबलावर उघडी. भाच्यासाठी लाल लोकरीचा स्वेटर विणत होते, त्याची एक बाही गायब.

"सर, माझी बाही?"

"उसवली. वीतवीतभर तुकडे हवे होते. मॅडम, लाल रंग पाण्यात फार छान दिसतो."

भाचा तो स्वेटर पुढे बिनबाह्यांचाच घालत होता, हे इथे नोंदवून ठेवते.

त्याच संध्याकाळी सर पलीकडच्या वाडीत मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे लोकरीचे तुकडे त्यांनी होडीच्या दोन्ही अंगांना आणि मागच्या सपाट पत्र्याला पाण्याखाली चिकटवले. होडी भरून निघाली. ऋतुजाने मला नंतर सगळं सांगितलं. पाण्याच्या मध्यावर आल्यावर सर होडीच्या मागच्या काठावर पालथे पडले, डोकं पाण्याकडे, आणि एकदम ओरडले, "इंजिन बंद करा!"

बायका घाबरल्या. एकीने पोर छातीशी धरलं. आबांनी इंजिन बंद केलं. इंजिनाची घुसळण थांबली, पाणी निवळलं आणि होडी आपल्या वेगाने पुढे सरकत राहिली. दोन्ही अंगांचे लाल दोरे नीट मागे वाहत होते, विंचरलेल्या केसांसारखे. मागच्या पत्र्यावरचे दोरे मात्र उलटे फिरले होते, होडीकडे तोंड करून, आणि गरगरत होते.

"पोकळी!" सर पालथे पडूनच म्हणाले. "मागचं पाणी मिटतच नाहीये. होडीमागून ओढत चाललंय. पण का? होडीला मागे पोकळी यायचं कारण काय?"

"मास्तर," आबा म्हणाले, "ते बघाया दोरं कशाला पायजेत? मागं पानी वढतंय ते मला पायाखाली कळतंय की. समदी मागं बसत्यात, मग बूड बुडतंय."

सर उठून बसले. "मागे का बसतात?"

आबांनी नुसता हात वर केला. डोक्यावर छत होतं. लोखंडी नळ्यांचं, निळ्या पत्र्याचं, होडीच्या मागच्या अर्ध्या भागावर. गणपतीच्या आधी ते बसवलं होतं. त्याच्याआधी माणसं होडीभर पसरून बसायची. आता पावसाला आणि उन्हाला भिऊन सगळी, दुधाच्या कॅनसकट, छताखाली. होडीचं नाक वर आणि मागचा सपाट पत्रा वीतभर पाण्यात.

सरांनी छताकडे बघितलं, वाकून मागच्या पत्र्याकडे बघितलं. मग ऋतुजाला म्हणाले, "मी हिला होडी समजत होतो. मागून ती चेंडू झाली होती." आणि आबांकडे वळून, "आबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई. आल्या आल्या पान्यात उतरलासा."

आबांचं खरं कारण मात्र दुसरं होतं. ते छत भाऊंनी दिलेलं होतं. भाऊ म्हणजे त्या भागातले वजनदार पुढारी. छताच्या मागच्या पट्टीवर भाऊंचं नाव मोठ्या पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं. होडी काठ सोडून निघाली की काठावरच्या माणसांना ते नाव लांबपर्यंत दिसावं, अशी ती योजना होती. छत पुढे सरकवा म्हणून भाऊंना सांगायचं कुणी? आबांना ते जमण्यासारखं नव्हतं. वाडीतल्या कुणालाच नव्हतं.

सर गेले. मी बरोबर होते, कारण वहिनींनी मला गळ घातली होती, "यांना एकटं सोडू नका, ते तिथे पंख्यावरसुद्धा बोलतील." भाऊंच्या ओसरीवर दहाबारा माणसं बसलेली. भाऊंनी विचारलं, "बोला सर, काय काम काढलंत?"

सरांनी पंख्यापासून सुरुवात केली. मग चहाचा कप आला, तो ढवळून दाखवला. भाऊंनी वाकून बघितलं, त्यांच्या माणसांनीही बघितलं. मग चेंडू, मग शेवाळ, मग लाल लोकर. भाऊंचे दोन फोन येऊन गेले. ओसरीवरची माणसं हळूहळू उठून गेली. पाऊण तासाने भाऊ माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा दमलेला होता.

"मॅडम, सरांचं म्हणणं काय आहे?"

"छत चार हात पुढे घ्यायचंय, भाऊ."

"एवढंच? मग घ्या की!" भाऊ जवळजवळ ओरडलेच. मग थोडं थांबून म्हणाले, "नाव तेवढं दोन्ही बाजूंनी दिसू द्या."

वेल्डिंगवाला दुसऱ्याच दिवशी आला. छत मधोमध आलं, नाव पुढेमागे रंगवलं गेलं. आबांनी स्वतः माणसं बसवली, तू इकडं, तू तिकडं, दुधाचे कॅन पुढं. काठावर सर घड्याळ धरून आणि मी शेजारी. थंडी होती, पाण्यावरून वाफा निघत होत्या. होडीचं नाक खाली आलेलं लांबूनच कळत होतं. एकतीस मिनिटं. ऋतुजा काठावर उडी मारून पळत सुटली, तिच्यामागे भाजीवाली, आणि वर एसटी उभी होती. कंडक्टरने दार उघडून सगळ्यांना आत घेतलं. भाजीवालीने खिडकीतून सरांकडे बघितलं आणि पाटी मांडीवर घेतली. सरांनी हात हलवला. मला वाटतं त्या वेळीही तळवा आधी आडवा होता, मग उभा.

कॉलेजात आल्यावर सरांनी ड्रॉवरमधलं पत्र काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला नवे आकडे लिहिले. क्लार्कने कपाळाला हात लावला. पुढे सरांनी रोज एक जादा तास घेऊन ऋतुजाची हजेरी भरून काढली आणि प्राचार्यांना ते मान्य करावं लागलं. त्या जादा तासांना वर्गातली आणखी नऊ पोरं आपणहून बसायची.

जानेवारीत प्रदर्शन झालं. ऋतुजाने प्रकल्पाचं नाव बदललं होतं. सरांना न विचारता. सर मला हळूच म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तिचं." पाटीवर लिहिलं होतं, 'आमच्या होडीचं दुखणं'. पत्र्याची छोटी होडी, पाण्याचं पिंप, लाल दोरे. परीक्षक आले, त्यांनी कौतुकाने विचारलं, "हे मागचं कारण शोधलं कुणी? सरांनी का?"

"नाही सर. आमच्या आजोबांनी."

"मग सरांनी काय केलं?"

ऋतुजाने सरांकडे बघितलं आणि म्हणाली, "सर शेवाळ काढत होते."

सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने सर हसले. इतके की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला, आणि तो त्यांनी गरजेपेक्षा बराच वेळ पुसला.

तिला दुसरं बक्षीस मिळालं. आबा नवा पांढरा सदरा घालून आले होते आणि दाराशी भिंतीला टेकून उभे होते. बक्षीस झाल्यावर ते सरांजवळ आले. मी शेजारीच होते.

"मास्तर, एक इचारू का? ते आपन एवढं खरवडलं, त्यानं कायच झालं न्हाई का मग?"

"झालं की. दोन मिनिटं."

आबांनी विचार केला. घाईत नव्हते. "दोन मिन्टं म्हंजी काय कमी न्हाई. म्हातारं मानूस उतारातनं सडकंला चढंस्तवर तेवढी लागत्यात." मग सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "दर वरसाला खरवडू. तुमी या. पर येताना एक घमेलं घेऊन या, आमच्यातलं फुटलंय."

सरांनी खिशातून डायरी काढली. एरवी त्या डायरीत ते तारीख, वेळ, वारा, तापमान असं सगळं आधी लिहितात आणि मग मुद्द्याला येतात. त्या दिवशी आकडा कुठलाच नव्हता. मी वाकून बघितलं. पानाच्या मधोमध त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'घमेलं', आणि त्याच्याखाली लाल पेनाने दोनदा रेघ ओढली होती.